घरात पहिला सरपटणारा प्राणी आणण्यापूर्वी
खानदेशातील हौशी प्राणीपालकांसाठी कायदा, हवामान आणि निवड यांचा विचार

कुत्रा, मांजर, पोपट आणि काचेच्या टाकीतील मासे एवढ्यापुरती मर्यादित असलेली पाळीव प्राण्यांची यादी आता लांबली आहे. परदेशी वाहिन्यांवरील कार्यक्रम आणि भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या चित्रफिती यांमुळे जळगाव-धुळ्यातील तरुणांनाही इग्वाना, अजगर, कासव किंवा रंगीत पाल पाळण्याची इच्छा होऊ लागली आहे. ही इच्छा गैर नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांविषयीची पिढ्यान्‌पिढ्यांची भीती ओसरून तिची जागा कुतूहल घेत असेल, तर ते स्वागतार्हच आहे. मात्र या हौसेत एक चूक वारंवार होते. प्राणी आधी घरात येतो आणि कायदा, अन्न, तापमान व पशुवैद्य यांचा विचार त्यानंतर सुरू होतो. हा क्रम उलटा हवा.

देशी प्राणी: विषय इथेच संपतो

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. भारतात नैसर्गिकरीत्या आढळणारे साप, कासवे, घोरपड, शॅमेलिऑन हे प्राणी घरी पाळता येत नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यांना संरक्षण आहे. त्यांना पकडणे, बाळगणे, विकणे आणि विकत घेणे हे सर्व गुन्हे ठरतात. या अधिनियमात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. पूर्वी चौथ्या अनुसूचीत असलेले तारा कासव आता पहिल्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. ‘आम्ही त्याला प्रेमाने सांभाळत होतो’ हा बचाव कायद्यापुढे टिकत नाही.

खानदेशात हा मुद्दा केवळ पुस्तकी नाही. उत्तरेला सातपुडा, मधून वाहणारी तापी, तिला मिळणाऱ्या गिरणा, वाघूर, पांझरा, अनेर या नद्या, रावेर-यावलच्या केळीच्या बागा आणि काळ्या मातीची शेते असा हा प्रदेश सरपटणाऱ्या प्राण्यांना अत्यंत अनुकूल आहे. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य १९६९ पासून, तर धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य १९८६ पासून अस्तित्वात आहे. पावसाळ्यात घराच्या अंगणात धामण दिसणे, विहिरीचा गाळ काढताना मऊ पाठीचे कासव हाती लागणे, शेताच्या बांधावर घोरपड आडवी जाणे हे प्रसंग येथे नवलाचे नाहीत. अनेकांच्या मनात पाळण्याची कल्पना येते ती अशाच वेळी. परंतु सापडलेला प्राणी हा सापडणाऱ्याच्या मालकीचा होत नाही. तो प्राणी जखमी असेल अथवा वस्तीत अडकला असेल, तर वनविभागाला कळवावे. त्यासाठी राज्य वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे.

कायद्याखेरीज जिवाचाही प्रश्न आहे. बिनविषारी कवड्या आणि अतिविषारी मण्यार यांच्या अंगावरील पट्टे नवख्याला सारखेच भासतात. बिनविषारी डुरक्या घोणस ही विषारी घोणशीसारखी दिसते. साप ओळखता येतो असा आत्मविश्वास बहुधा दहा-वीस साप पाहिल्यानंतर येतो. खरी ओळख येण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप महाराष्ट्रात आहेत, हे विसरून चालणार नाही. वस्तीतील साप पकडून सुरक्षित अधिवासात सोडणाऱ्या सर्पमित्रांनाही ते साप घरी ठेवण्याची मुभा नाही.

अंधश्रद्धेचा बाजार

पाळण्याच्या नावाखाली चालणाऱ्या आणखी एका प्रकारापासून सावध राहावयास हवे. मांडूळ या निरुपद्रवी सापाचे शेपूट बोथट असल्याने त्याला ‘दुतोंड्या’ म्हणतात. गुप्तधन, वशीकरण अशा भाकडकथांमुळे महाराष्ट्रभर त्याची तस्करी होते आणि वजनावर त्याचे अवाच्या सवा भाव सांगितले जातात. वस्तुतः त्याला तोंड एकच असते आणि त्याच्या अंगी कोणताही चमत्कार नाही. शेतातील उंदीर खाऊन तो शेतकऱ्याचे हित साधतो, एवढाच त्याचा ‘गुण’. ‘घरात कासव असले की लक्ष्मी नांदते’ या समजुतीपोटी तारा कासवे विकली जातात, तर घोरपडीच्या नराचे जननेंद्रिय ‘हत्ता जोडी’ या वनस्पतीचे मूळ म्हणून खपविले जाते. या वस्तू वा प्राणी घेणारा केवळ फसत नाही, तर गुन्ह्यात सहभागीही होतो.

परदेशी प्राणी: कागदपत्रे आधी

देशी प्राणी वगळल्यानंतर उरतात ते परदेशी वंशाचे प्राणी. दुर्मीळ होत चाललेल्या प्राण्यांच्या व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा ‘साइट्स’ हा करार १९७५ मध्ये अमलात आला आणि १९७६ मध्ये भारत त्यात सामील झाला. हिरवा इग्वाना, बॉल पायथन, आफ्रिकेचे सुलकाटा कासव हे सर्व या कराराच्या परिशिष्टांत आहेत. अनेक वर्षे अशा परदेशी प्राण्यांना देशांतर्गत कायद्याचे स्पष्ट बंधन नव्हते. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने स्वेच्छेने माहिती जाहीर करण्याची योजना आणली. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्स परिशिष्टांतील प्राण्यांसाठी स्वतंत्र चौथी अनुसूची निर्माण केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिवंत प्राण्यांची माहिती व नोंदणी यासंबंधीचे नियम अधिसूचित झाले. त्यानुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि नव्याने ताब्यात आलेल्या प्राण्यासाठी मुदत तीस दिवसांची आहे. प्राण्याचे हस्तांतरण, त्याला झालेली पिल्ले आणि त्याचा मृत्यू यांचीही नोंद करावी लागते. प्रजनन करून विक्री करणाऱ्याला परवाना लागतो.

साइट्सच्या यादीत नसलेल्या प्राण्यांना ही नोंदणी लागू होत नसली, तरी त्यांचे मूळ कायदेशीर असणे आवश्यकच आहे. म्हणून विक्रेत्याकडून प्राण्याचे शास्त्रीय नाव लिहिलेली पक्की पावती घ्यावी आणि तो बंदिस्त अवस्थेत जन्मलेला असल्याचे लेखी घ्यावे. पाळीव प्राणी विक्री केंद्रांसाठी २०१८ चे नियम आहेत. त्यांनुसार दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी प्रमाणपत्र पाहण्यास मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. बसने वा कुरिअरने डब्यातून प्राणी पाठवू, कागदपत्रांची काळजी करू नका, असे सांगणाऱ्याशी व्यवहार करूच नये. यादी बदलत असते, त्यामुळे शंका असल्यास जळगाव, यावल किंवा धुळे वनविभागाच्या कार्यालयात आधी लेखी विचारणा करणे श्रेयस्कर.

खानदेशची हवा आणि थंड रक्ताचा प्राणी

सरपटणारे प्राणी शरीराचे तापमान स्वतः निर्माण करीत नाहीत. ते परिसरातून घेतात. उन्हात जाऊन तापणे आणि सावलीत येऊन निवणे, हीच त्यांची व्यवस्था. त्यामुळे त्यांच्या पेटीत एक टोक उबदार आणि दुसरे थंड असावे लागते. कोणत्या टोकाला बसायचे हे प्राणी ठरवितो. सबंध पेटी एकाच तापमानाची ठेवली, तर त्याचा हा पर्याय हिरावला जातो.

परदेशी पुस्तकांत सारा भर पेटी तापविण्यावर असतो. ती पुस्तके थंड देशांत लिहिली गेली आहेत. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास वा त्यापुढे जातो. येथे खरा प्रश्न पेटी थंड राखण्याचा आहे. ऊन सोसणाऱ्या वाळवंटी पालीसुद्धा भर दुपारी बिळात वा खडकाखाली शिरतात. बंद काचेच्या पेटीत त्यांना पळण्यास जागा नसते. पत्र्याच्या छताखालील वा पश्चिमेच्या भिंतीलगतच्या खोलीत ठेवलेला प्राणी एका दुपारीत दगावू शकतो. याउलट डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान बरेच खाली येते आणि तेव्हा उष्णतेची सोय लागते. म्हणजे खानदेशातील पालकाला दोन्ही टोकांची तयारी ठेवावी लागते.

येथील घरोघरी असलेला कूलरही विचारात घ्यावा लागतो. कूलर हवा थंड करतो, पण तिच्यातील दमटपणा वाढवितो. कोरड्या प्रदेशातील बिअर्डेड ड्रॅगनसारख्या सरड्याला सततची दमट हवा मानवत नाही आणि श्वसनाचे विकार होऊ शकतात. कॉर्न स्नेकला मध्यम दमटपणा चालतो, मात्र कूलरचा थेट झोत त्यालाही नको. तापमानमापक, आर्द्रतामापक आणि तापमान आपोआप नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट ही तीन उपकरणे चैनीची नाहीत. त्यांच्याशिवाय पालन सुरू करू नये. वीज गेल्यास काय करायचे, याचेही उत्तर आधीच तयार हवे.

कोणता प्राणी निवडावा?

लाल कानाचे कासव: माशांच्या दुकानांत सर्वांत सहज मिळणारे आणि सर्वाधिक अविचाराने घेतले जाणारे हे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी खोऱ्यातले. रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे असलेले हिरवे पिल्लू लहान मुलांना भुरळ घालते. परंतु मादी वाढून पंचवीस ते तीस सेंटिमीटर होते, आयुष्य वीस-तीस वर्षांचे असते आणि पूर्ण वाढलेल्या एका कासवाला सुमारे चारशे लिटरची टाकी, पाणी गाळणारे यंत्र व अंग सुकविण्यासाठी कोरडी जागा लागते. छोट्या प्लॅस्टिकच्या तबकात ते जगत नाही, हळूहळू मरते. आवरेनासे झाले की लोक ते नदी-तलावात सोडतात. जगातील शंभर सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. तापी किंवा मेहरूण तलावात सोडलेले असे कासव देशी कासवांच्या अन्नावर आणि ऊन खाण्याच्या जागांवर हक्क सांगते, तसेच रोगही पसरवू शकते. युरोपीय संघाने त्याच्या आयातीवर १९९७ मध्येच बंदी घातली. नवशिक्याने हे टाळावे.

हिरवा इग्वाना आणि सुलकाटा कासव: दोघेही शाकाहारी. खानदेशातील अनेक शाकाहारी कुटुंबांना त्यामुळेच ते सोयीचे वाटतात. पण सोपा आहार म्हणजे सोपे पालन नव्हे. इग्वाना शेपटीसह दीड मीटरपर्यंत वाढतो, त्याला खोलीएवढी जागा लागते आणि प्रौढ नर आक्रमक होऊ शकतो. सुलकाटा हे जगातील मोठ्या भूकासवांपैकी एक असून त्याचे वजन चाळीस किलोच्या पुढे जाते आणि ते मालकाहून अधिक काळ जगू शकते. सदनिकेत राहणाऱ्यांसाठी हे दोन्ही पर्याय बाद समजावेत.

लेपर्ड गेको: परदेशांत नवशिक्यांना प्रथम सुचविली जाणारी ही ठिपकेदार पाल लहान, शांत आणि काटक आहे. योग्य निगा राखल्यास ती पंधरा-वीस वर्षेही जगते. तथापि आपल्याकडे नेमकी हीच निवड सर्वांत गुंतागुंतीची ठरते. तिचे जवळचे देशी भाऊबंद महाराष्ट्रात आहेत. सातपुड्यातून तर या कुळातील एका नव्या जातीची नोंद २०१४ मध्ये झाली आणि तिला सातपुड्याचेच नाव मिळाले. सामान्य माणसाला या जातींतील फरक ओळखता येत नाही. त्यामुळे रानातून पकडलेली देशी पाल ‘इम्पोर्टेड’ म्हणून गळ्यात मारली जाण्याचा धोका आहे. वनविभागाचे लेखी उत्तर हाती असल्याखेरीज ती घेऊ नये. जाता जाता, या पालींविषयी ‘चावली की माणूस मरतो’ असा समज आहे. तो निराधार आहे. भारतातील एकही पाल विषारी नाही.

बॉल पायथन: शांत स्वभावाचा, दीड मीटरच्या आत राहणारा आफ्रिकी अजगर. मात्र तो साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने नोंदणी अनिवार्य आहे. तो कित्येक आठवडे अन्न नाकारतो आणि नवशिका मालक त्यामुळे हवालदिल होतो. दुसरा प्राणी म्हणून ठीक, पहिला म्हणून नव्हे.

बिअर्डेड ड्रॅगन: मूळचा ऑस्ट्रेलियाचा, दिवसा वावरणारा, माणसाला सरावणारा सरडा. आयुष्य आठ ते बारा वर्षे. त्याला पिलूपणी मुख्यत्वे कीटक आणि पुढे अधिकाधिक पालेभाज्या लागतात. ऊन खाण्याच्या जागी चाळीस अंशांच्या आसपास, तर दुसऱ्या टोकाला पंचवीसच्या सुमारास तापमान हवे. अतिनील किरणे देणारा खास दिवा त्याला आवश्यक आहे. ही किरणे न मिळाल्यास शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे मऊ होऊन वाकतात. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उपयोगाचे नाही, कारण काच नेमकी तीच किरणे अडविते. दिवा उजळत असला तरी काही महिन्यांनी त्यातील अतिनील किरणे क्षीण होतात, म्हणून तो वेळच्या वेळी बदलावा लागतो.

कॉर्न स्नेक: उत्तर अमेरिकेतील हा बिनविषारी साप साइट्सच्या यादीत नाही. लांबी सव्वा ते दीड मीटर, आयुष्य पंधरा ते वीस वर्षे. उबदार टोकाला अठ्ठावीस ते तीस अंश आणि थंड टोकाला बावीस ते चोवीस अंश तापमान त्याला पुरते. लहानपणी आठवड्यातून एकदा, मोठेपणी दहा-पंधरा दिवसांतून एकदा अन्न. अडचण एकच, पण मोठी. तो उंदीर खातो. गोठविलेला उंदीर घरातील शीतकपाटात ठेवणे ज्या कुटुंबाला मान्य नाही, त्या घरात साप येऊ नये. जिवंत उंदीर सोडणे क्रूर तर आहेच, शिवाय तो सापालाच चावून जखमी करतो. साप मांसाहारीच असतो. दूध हे त्याचे अन्न नाही, हे नागपंचमीच्या निमित्ताने दरवर्षी सांगावे लागते.

एकंदरीत, कागदपत्रे चोख असतील आणि उंदीर खाऊ घालण्याची तयारी असेल तर कॉर्न स्नेक, अन्यथा विजेचा व कीटकांचा नियमित खर्च झेपणार असेल तर बिअर्डेड ड्रॅगन, असा निष्कर्ष काढता येतो. दोन्हीसाठी सुमारे चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच पेटी धरून चालावे. यांपैकी काहीच जमत नसेल, तर ‘सध्या नाही’ हेही योग्यच उत्तर आहे.

खरेदीपूर्वीची आठवडाभराची परीक्षा

प्राणी आणण्याआधी पेटी पूर्ण मांडून किमान आठवडाभर रिकामीच चालवावी. सकाळी, दुपारी, रात्री दोन्ही टोकांचे तापमान लिहून ठेवावे. ही परीक्षा एप्रिल-मे महिन्यात उत्तीर्ण होणारी खोली वर्षभर उत्तीर्ण होते. त्यानंतर पशुवैद्य शोधावा. जिल्ह्यातील बहुतेक पशुवैद्यकांचा अनुभव गाई-म्हशी आणि कुत्र्या-मांजरांचा असतो. सरपटणाऱ्यांवर उपचार करणारा जाणकार नाशिक, पुणे वा मुंबईला असू शकतो. गुरांना सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे जंतुनाशक कासवांना प्राणघातक ठरते, एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

प्राणी निवडताना डोळे स्वच्छ व टवटवीत, नाकपुड्या कोरड्या, तोंडाला फेस नाही, जुन्या कातीचे तुकडे अंगावर अडकलेले नाहीत, खवल्यांत बारीक गोचिडी नाहीत, हे पाहावे. त्याला खाताना प्रत्यक्ष बघावे. घरी आणल्यावर पहिला आठवडाभर त्याला हात लावू नये.

आरोग्य आणि जबाबदारी

निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलांत त्याचा प्रादुर्भाव वाढल्यामुळेच अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर निर्बंध घातले. पाच वर्षांखालील बालके, गर्भवती, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती घरात असतील, तर हा छंद लांबणीवर टाकणे उचित. इतरांनी प्राणी हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत आणि त्याची भांडी स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नयेत.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. परदेशी प्राणी कधीही रानात, नदीत वा धरणात सोडू नये. त्यात प्राण्याची सुटका नसते. तो उपाशी मरतो किंवा जगला तर येथील जीवसृष्टीला मारक ठरतो. सांभाळणे अशक्य झाल्यास वनविभागाशी संपर्क साधावा आणि नोंदणीतही तसा बदल करावा.

ज्यांना सरपटणाऱ्या प्राण्यांची खरी ओढ आहे, पण पाळणे शक्य नाही, त्यांना निराश होण्याचे कारण नाही. पुण्यातील कात्रजच्या सर्पोद्यानात देशी साप जवळून पाहता येतात. पावसाळ्यानंतर यावल वा अनेरच्या परिसरात, परवानगी घेऊन आणि जाणकाराच्या सोबतीने केलेली भटकंती काचेच्या पेटीहून अधिक शिकवून जाते. पंधरा-वीस वर्षांची बांधिलकी स्वीकारण्याची ज्याची तयारी आहे, त्यानेच पेटीचा विचार करावा. इतरांनी बांधावरची घोरपड बांधावरच पाहावी.